डॉक्टरांची कंट्री

ज्या माणसाला जागेपणी पाच मिनिटं गप्प बसता आलं नाही, त्याच्या गाण्यातल्या रिकाम्या जागांनी माझा अख्खा हिवाळा खाल्ला. ही तक्रार आहे आणि ती तक्रार म्हणूनच वाचावी. किती गोड माणूस, असं कुणाला वाटलंच, तर त्यानं कार्डिफला येऊन त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहून दाखवावं. मी राहिले आहे.

डॉक्टर आमचे शेजारी. ओळीतली घरं, मधली भिंत एकच आणि तीही नावापुरती. सरकारी हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मूळचे सातारकडचे. आपल्या घराण्यात एक शाहीर होऊन गेला असं ते सांगायचे. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, म्हणणं होतं की तो शाहीर ह्यांच्या घरातला नव्हताच, शेजारचा होता. मला काकूंचं जास्त पटतं, कारण शेजाऱ्याचा आवाज भिंतीतून कसा अंगात मुरतो ते मी स्वतः भोगलं आहे.

प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ते "मूळ मुद्दा काय," असं म्हणायचे, आणि मूळ मुद्दा सोडून सगळं बोलायचे. दूध उसनं मागायला आले तर आधी गायीपर्यंत जायचे. दूध मात्र राहून जायचं आणि थोड्या वेळानं काकूच यायच्या.

त्यांचे पोवाडे इतरांसारखे गडकिल्ल्यांवरचे नव्हते. इथं जे दिसेल त्यावर ते पोवाडा रचत. कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या बंद करून रंगीत पेट्या दिल्या, त्यावर त्यांचा एक पोवाडा होता. त्यात उरल्यासुरल्या अन्नाची छोटी तपकिरी पेटी म्हणजे एकटीनं किल्ला लढवणारी वीरांगना आणि रीसायकलिंगची गाडी म्हणजे गनीम. ऐकताना हसू यायचं, पण शेवटी पेटी वाऱ्यानं उडून गल्लीच्या टोकाला पडते तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक सर्जन, एरवी अतिशय खडूस माणूस, डोळे पुसताना मी पाहिले आहेत. म्हणजे माणसात काहीतरी होतं. मी नाही म्हणत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्येही ते गुणगुणत असत. एका वेल्श म्हाताऱ्यानं शुद्धीवर आल्यावर तक्रार केली होती म्हणे, की भूल चढताना मला कोणीतरी घोड्यावर बसवून डोंगरावर नेलं आणि तिथंच सोडून दिलं. डॉक्टरांना ही तक्रार म्हणजे पुरस्कार वाटायचा. ती ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत, आणि माझ्यासारख्या जुन्यांनाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे माझ्या मुद्द्याचं. पोवाडा एकट्याला म्हणता येत नाही. शाहीर ओळ टाकतो आणि मागं उभे असलेले झीलकरी ती उचलतात, निदान "जी जी रं जी" तरी म्हणतात. ती झील वेळेवर आली नाही तर शाहीर तोंडघशी पडतो. डॉक्टरांच्या मागं झीलकरी एकच, काकू. इथल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. स्टेजवर त्या डॉक्टरांच्या मागं, जरा डावीकडं, साडीवर कार्डिगन घालून उभ्या राहायच्या आणि परीक्षेच्या वर्गात फिरावं तशा चेहऱ्यानं "जी जी रं जी" म्हणायच्या. भाव शून्य. पण झील पडायची ती अशी चोख, की डॉक्टर पुढच्या ओळीवर उडी मारूनच जायचे. मंडळाच्या गणपतीत कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

मग एका गणपतीत काकूंची झील चुकली. पहिल्यांदा अर्धी ओळ उशिरा आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती डॉक्टरांच्या पुढच्या ओळीवरच जाऊन आदळली. मुलं हसली, आणि मग ज्यांना कळायला हवं होतं असे मोठेही हसले. डॉक्टरांनी पोवाडा कसाबसा कडेला नेला. काकू स्टेजवरून उतरल्या, सरळ किचनमध्ये गेल्या आणि मसालेभात वाढायला उभ्या राहिल्या.

त्यानंतर कानांच्या तपासण्या झाल्या. दोन्ही कान गेल्यात जमा. मशीन लावलं तर समोरच्याचं बोलणं थोडंफार कळेल, गाणं कळणार नाही, असं सांगितलं. कधीपासून होतंय, असं विचारल्यावर काकूंनी "हल्लीच" म्हणून सांगितलं आणि घरी येऊन ती मशीनं ड्रॉवरमध्ये टाकली. "मी आता स्टेजवर चढणार नाही," म्हणाल्या. "ह्यांचं हसं नको."

मंडळाच्या सेक्रेटरींनी चांगल्या मनानं तोडगा काढला. बँकेत नोकरीला आलेला नागपूरचा एक जण होता, आवाज खणखणीत. त्याला मागं उभा करू म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "झील काय भाड्यानं मिळते होय?" आणि गणपतीनंतर पोवाडा म्हणायचा नाही असं ठरवून टाकलं. ठरवलं ते ठरवलं, पण कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते भलतंच.

दिवाळीच्या फराळाला सगळं मंडळ जमलेलं असताना ते उभे राहिले आणि म्हणाले, "मूळ मुद्दा काय, मी आता कंट्रीकडं वळतोय."

कंट्री म्हणजे आपल्याकडं काय ते मी सांगायला नको. कोपऱ्यावरच्या हिरव्या पडद्याच्या दुकानात मिळते ती. सेक्रेटरींनी हातातली चकली खाली ठेवली. पोटाचे एक डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अहो, इंग्लिश परवडत नाही का? या वयात कंट्री झेपायची नाही लिव्हरला."

"संगीत हो!" डॉक्टर ओरडले. "कंट्री म्युझिक! अल्बम काढतोय मी!"

तोवर उशीर झाला होता. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'डॉक्टरांची कंट्री' हे नाव पडलं ते पडलंच, आणि चार बायका काकूंना धीर द्यायला घरी येऊन गेल्या.

कंट्रीच का, असं विचारणाऱ्याला ते "कलाकारानं एका जागी उभं राहू नये" असं मोठं उत्तर द्यायचे. खरं उत्तर मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या गाण्यात माणूस एकटा उभा असतो, हातात गिटार, तोंडात घराची आठवण. त्याच्या मागं कुणी नसतं आणि नसलं तर कुणी विचारत नाही. काकूंची जागा दुसऱ्याला द्यायची नाही आणि ती रिकामी आहे हेही कुणाला दिसू द्यायचं नाही, एवढ्यासाठी हा सगळा अमेरिकेचा वळसा होता. हे कळलं म्हणून मला वाईट वाटलं, वाईट वाटलं म्हणून मी हो म्हटलं, आणि फसले.

"तू सॉफ्टवेअरमध्ये ना?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, मी इन्शुरन्सचं सॉफ्टवेअर टेस्ट करते."

"तेच ते. कॉम्प्युटरच ना? मग रेकॉर्डिंग तू कर."

माझा नवरा शहाणा. रेकॉर्डिंगच्या पहिल्याच रविवारी त्यानं सायकल काढली आणि वसंत ऋतू येईपर्यंत दर रविवारी तो सायकलच चालवत होता.

डॉक्टरांनी अभ्यास केला होता. कंट्रीच्या गाण्याला काय काय लागतं ते त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. एक ट्रक, एक कुत्रा, एक आई, दारू आणि मोडलेलं काळीज. ट्रकच्या जागी त्यांच्याकडं छोटी ऑटोमॅटिक गाडी होती. कुत्रा काकूंनी कधी दारात उभा केला नव्हता. आई हेडमिस्ट्रेस होती आणि तिची आठवण आली की त्यांना अजून पाढे म्हणावेसे वाटत. दारूनं त्यांना ॲसिडिटी व्हायची. काळजाचं बायपास झालेलं होतं. "म्हणजे मोडलेलं धरायला हरकत नाही," ते म्हणाले. एवढ्या सामानावर त्यांनी नऊ गाणी लिहिली. शिवाय चामड्याचं एक जॅकेट आणलं, पाठीवर आणि बाह्यांवर झालरी लोंबणारं. ते घालून ते पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मला क्षणभर पडदेवाला आल्यासारखं वाटलं.

गिटारला डाय आला. नाव डाय, माणूस रिटायर्ड हॉस्पिटल पोर्टर. डॉक्टरांच्या पेशंटांना ट्रॉलीवरून थिएटरपर्यंत ढकलत न्यायचं काम त्यानं कितीतरी वर्षं केलं होतं. गिटार मांडीवर आडवी ठेवून तो तारांवरून लोखंडी कांडी फिरवायचा, की सूर असा ओला होऊन घसरत जायचा. त्याला भडंग फार आवडायचं आणि काकू त्याला 'डाईभाऊ' म्हणायच्या. माझ्यापेक्षा त्याचा स्वभाव शांत, म्हणून तो जास्त टिकला.

रेकॉर्डिंग कुठं करायचं? माळ्यावर नाही, बैठकीत नाही. वरच्या अडगळीच्या खोलीत, बॉक्सरूममध्ये, काकूंनी सगळ्या साड्या हँगरवर टांगल्या होत्या. "सिल्क आवाज पिऊन टाकतं," डॉक्टर म्हणाले. "स्टुडिओवाले ह्याला पैसे मोजतात." म्हणून डॉक्टर आत पैठण्या आणि इरकलींच्या मध्ये, मी दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन, आणि डाय बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं माझं डोकं दुखायचं. अर्ध्या ओळीत काकू खालून "चहाऽऽ" म्हणून ओरडायच्या, कारण वर गाणं चाललंय हे त्यांना ऐकू येत नव्हतं. असे किती टेक चहात बुडाले ते मी सांगू शकत नाही.

पण चहा परवडला. खरा छळ वेगळाच होता.

पहिलं गाणं मोटरवेवरचं होतं.

"लांब लांब हा रस्ता, गड्या, धुकं पडलं भारी,
पेट्रोल आलं तळाला अन् घर राहिलं दूरी..."

चाल खरंच छान होती. डायची गिटार त्याच्याखाली धुक्यासारखीच पसरायची. आणि 'दूरी' म्हणून झालं की डॉक्टर थांबायचे. श्वास घेण्यापुरते नाही, सरळ थांबायचे. मग पुढची ओळ, मग पुन्हा तसंच थांबणं. प्रत्येक ओळीनंतर एक भोक.

"वेटिंग फॉर अ बस, आर वी, डॉक?" डायनं जिन्यावरून विचारलं.

"जमतंय, जमतंय," डॉक्टर आतून म्हणाले. काहीच जमत नसलं की ते असं म्हणत.

डायनं त्या भोकात गिटारचा एक तुकडा भरून पाहिला. डॉक्टर म्हणाले, "सुंदर. पण इथं नको." मी म्हटलं, ओळ संपली की लगेच पुढची घ्या. त्यांनी मान डोलावली, ओळ म्हटली आणि थांबले. दुसऱ्या गाण्यात तेच, पाचव्यात तेच. मी चिडले, समजावलं, हातानं खूण केली, समोर उभं राहून बोटं मोडली. सगळ्याला हो म्हणायचं आणि करायचं तेच. त्या भोकांत काय आहे हे मला माहीत होतं, डायलाही एव्हाना कळलं असावं, पण "डॉक्टर, तुम्ही काकूंच्या झीलसाठी थांबताय" असं तोंडावर कोण सांगणार? तोंडावर सांगायला त्यांचं तोंड बंद व्हावं लागतं.

शेवटी मी घरी बसून कॉम्प्युटरवर ती सगळी भोकं कापून टाकली. ओळीला ओळ जोडली. गाणं अगदी रेडिओवर लागावं तसं झालं. पुढच्या रविवारी ऐकवलं. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. डायनं अंगठा वर केला.

"कोण गातंय हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच."

"छे. हा माणूस दमच घेत नाही. मरेल हा."

माझा तोल गेला. सगळ्या हिवाळ्याचा राग एकदम बाहेर आला. "डॉक्टर, एक तर ती जागा बंद करा, नाहीतर कुणाला तरी उभं करा तिथं! मी म्हणते जी जी, डाय म्हणेल, तो बँकवाला म्हणेल! पण ही रिकामी जागा मी आता आणखी ऐकू शकत नाही!"

डॉक्टर साड्यांमध्ये उभे होते. ह्या वेळी त्यांनी मूळ मुद्द्याची प्रस्तावना केली नाही.

"जागा रिकामी नाहीये," ते म्हणाले.

बस, एवढंच. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. डाय मुकाट्यानं गिटार पिशवीत घालायला लागला.

तेवढ्यात काकू वर आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळी साडी हवी होती त्यांना. जिन्यात डाय पिशवी घेऊन, दारात मी डोळे पुसत, आत डॉक्टर झालरींचं जॅकेट घालून पुतळ्यासारखे. "काय झालं?" त्यांनी ठणठणीत आवाजात विचारलं. "कोण गेलं?"

मी त्यांच्या समोर तोंड करून एकेक शब्द सुटा उच्चारला. "डॉक्टर प्रत्येक ओळीला थांबतात. तुमच्या झीलसाठी. दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाहीत."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं. साड्या बाजूला सारत त्या आत शिरल्या आणि त्यांच्या मागं, जरा डावीकडं, जाऊन उभ्या राहिल्या. जागा इतकी कमी की त्यांच्या खांद्यावर एक नारायणपेठ आली.

"हे सोंग काढा आधी अंगातलं," त्या म्हणाल्या. "काही दिसत नाही."

डॉक्टर वळले. "दिसत नाही म्हणजे?" काकूंना ऐकू गेलं नाही असं वाटून त्यांनी तेच पुन्हा ओरडून विचारलं.

"ओरडू नका, ओठांवरून कळतंय मला. ओळ संपली की तुमचा डावा खांदा खाली येतो. तो आला की मी जी म्हणते. गणपतीत हॉलचं हीटिंग बंद होतं म्हणून तुम्ही तो भला जाड कोट घालून उभे राहिलात. खांदा दिसेचना. अंदाजानं म्हटलं आणि चुकलं."

"पण गं, तुझे कान..."

"कान दोन वर्षं नाहीत मला." गणिताचं उत्तर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "चुकलं त्याच्या आधीच्या गणपतीत नव्हते, मंडळाच्या पिकनिकला नव्हते. तेव्हा कुणाला कळलं? मी तर खांद्यावरच म्हणत होते."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. आयुष्यभर झोपलेल्या माणसांचा श्वास, नाडी, पापणी बघत बसलेला हा माणूस, आणि ह्याला घरात दोन वर्षं बायकोला ऐकू येत नाही हे समजलं नव्हतं. मला इतकी चीड आली की काय सांगू. पण समजणार तरी कसं? त्यांनी दोन वर्षांत काकूंना उत्तर लागेल असा एक प्रश्न विचारला असता तर ना! ह्या माणसाशी संसार करायला कान लागतच नव्हते. आणि काकूंची चीड त्याहून जास्त आली. एवढं मोठं दुखणं ही बाई एकटी घेऊन उभी राहिली, तीही त्याच्याच पाठीमागं, आणि चुकल्यावर मसालेभात वाढायला निघून गेली.

"सांगितलं का नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही पोवाडा सोडला असता." काकू म्हणाल्या. "तरी सोडलातच."

डॉक्टरांनी जॅकेट काढलं. आत साधा सुती शर्ट होता, वाळत घालून घालून विटलेला. डायनं कुणी न सांगता गिटार परत मांडीवर घेतली. मी बटण दाबलं.

"लांब लांब हा रस्ता, गड्या, धुकं पडलं भारी, पेट्रोल आलं तळाला अन् घर राहिलं दूरी..."

मी त्यांच्या खांद्याकडंच बघत होते. मला तो खाली आलेला काही दिसला नाही. काकूंना दिसला.

"जी जी रं जी."

तसाच कोरा चेहरा आणि तशीच चोख. त्या मोटरवेच्या गाण्यात ती शोभते का, कंट्रीत असं चालतं का, हे मला विचारू नका. मला एवढंच कळलं की त्या भोकाच्या मापाची वस्तू तीच होती. डाय मान हलवत हसत होता.

फक्त पुढची ओळ आलीच नाही. डॉक्टर गायचे थांबले आणि मागं वळून काकूंकडं बघत राहिले. डोळे भरलेले, तोंड अर्धवट उघडं, आणि शब्द एक नाही. जन्मात पहिल्यांदा हा माणूस गप्प झाला होता आणि तो नेमका रेकॉर्डिंग चालू असताना.

काकूंनी थोडा वेळ ते चालवून घेतलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"इकडं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "मला काही दिसत नाही अशानं. माझ्याकडं पाठ फिरवा आधी."

डॉक्टरांनी डोळे पुसले, मुकाट्यानं त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि पुढची ओळ धरली.